सीमासुरक्षेतील बिग डेटा

सीमा ओलांडणाऱ्या व्यक्ती व माल यांविषयीच्या प्रचंड आणि सतत वाढणाऱ्या माहितीचे संगणकीय विश्लेषण करून कोणाची व कशाची कसून तपासणी करायची, हे ठरविण्याची पद्धत. व्हिसाचे अर्ज, बोटांचे ठसे, चेहऱ्यांची छायाचित्रे, मालाच्या याद्या व तिकीट-आरक्षणाच्या नोंदी यांचा तीत उपयोग होतो.

या पद्धतीचा उगम सामान्यतः ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांशी जोडला जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कायदा करून परदेशांतून येणाऱ्या विमानांतील प्रवाशांची आगाऊ माहिती सक्तीची केली, हे खरे. तथापि तेथील सीमाशुल्क खाते १९८८ पासूनच ही माहिती विमानकंपन्यांकडून ऐच्छिक तत्त्वावर घेत होते. मालाच्या खेपांची जोखीम अंकांत मोजण्याची यंत्रणाही साधारणपणे १९९० च्या दशकातील. त्यामुळे उगम सीमाशुल्काच्या कामात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. २००१ नंतर ही रीत माणसांच्या बाबतीत व्यापक प्रमाणावर लागू झाली.

पासपोर्टावरून नाव, जन्मतारीख व राष्ट्रीयत्व एवढेच कळते. आरक्षणाच्या नोंदीतून मात्र तिकीट केव्हा काढले, पैसे कसे भरले, सोबत कोण आहे, सामान किती, संपर्काचा क्रमांक कोणता, हेही कळते. ही माहिती एकीकडे संशयितांच्या याद्यांशी व दुसरीकडे आधी ठरविलेल्या निकषांशी ताडून पाहतात. खरी अडचण येथेच आहे. दहा लाख प्रवाशांत शोधायचे दहाच असतील आणि निर्दोषांपैकी फक्त एक टक्का चुकून संशयित ठरत असतील, तरी सुमारे १०,००० निरपराध व्यक्ती अडविल्या जातील. २०१८ व २०१९ मध्ये यूरोपीय संघात यंत्रणेने वेगळ्या काढलेल्या दर सहा प्रवाशांपैकी सरासरी किमान पाच जण प्रत्यक्ष पडताळणीनंतर संशयमुक्त ठरले. संघाच्या न्यायालयाने २१ जून २०२२ च्या निकालात याची दखल घेतली. निकष स्वतःच बदलणाऱ्या, स्वयंशिक्षण करणाऱ्या प्रणाली या कामी वापरण्यास त्याने मनाई केली. कारण अमुक प्रवासी का निवडला गेला हे कळले नाही, तर त्याला दाद मागणेही अवघड होते. संशयाचा आधार नसलेल्या प्रवाशांची माहिती सरसकट पाच वर्षे ठेवण्यासही त्याने हरकत घेतली. हा निकाल या क्षेत्रात सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१७ मध्ये ठराव २३९६ द्वारे आरक्षण-नोंदी तपासण्याची क्षमता उभारणे सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक केले. भारताने यासंबंधीचे विनियम २०२२ मध्ये केले.

भूसीमेवर आरक्षणासारखी आगाऊ नोंद बहुधा नसते. तेथे रडार, औष्णिक कॅमेरे व जमिनीखालील संवेदक यांच्याकडून येणारे संकेत एकत्र पाहिले जातात. जम्मूमध्ये २०१८ साली सुरू झालेला एकात्मिक सीमा व्यवस्थापनाचा पथदर्शी प्रकल्प या प्रकारचा होय.