मॉनिटर कॅलिब्रेशन

संगणकाच्या पडद्याची प्रखरता, पांढऱ्या रंगाची छटा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मधल्या पायऱ्या ठरलेल्या मानकावर आणून बसवणे म्हणजे मॉनिटर कॅलिब्रेशन. परिभाषेत याला अंशांकन म्हणतात, पण छपाईच्या आणि फोटोच्या धंद्यात कॅलिब्रेशन हाच शब्द चालतो. पडदा सुंदर दिसावा हा यामागचा हेतू नसतो. कॅलिब्रेट केलेला पडदा पहिल्या दिवशी बहुतेकांना पिवळट आणि मंदच वाटतो. कारखान्यातून येणारे मॉनिटर बरेचदा निळसर आणि फार प्रखर असतात आणि डोळा त्यालाच पांढरे मानून बसतो. दिव्याखालचा कागद आणि उन्हातला कागद आपल्याला सारखाच पांढरा दिसतो, तोच हा गुण; म्हणूनच डोळ्याच्या साक्षीवर इथे फारसे विसंबता येत नाही.

सर्वांत जास्त वापरले जाणारे मानक म्हणजे एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते १९९६ मध्ये मांडले आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यातला पांढरा रंग डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा, ढगाळ दिवसाच्या उजेडाजवळचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप; आकडा कमी तसा उजेड पिवळट). छापील प्रत तपासण्यासाठी मात्र ५००० केल्विनच्या आसपासचा डी५० प्रकाश प्रमाण मानतात, म्हणून छपाईवाले पडदाही त्याच बाजूला झुकवतात.

खरी गोम प्रखरतेत आहे. ‘स्क्रीनवर छान होते, प्रिंट काळपट आली’ ही डीटीपीच्या दुकानातली नेहमीची तक्रार. तिचे मूळ बहुतेक वेळा रंगात नसून उजेडात असते. ऑफिसातले साधे मॉनिटर पूर्ण प्रखरतेवर २५० ते ३५० निट (कँडेला प्रति चौरस मीटर) उजेड फेकतात. कागदाला स्वतःचा उजेड नाही. खोलीत जेवढा आहे तेवढाच तो परतवतो. भगभगीत पडद्यावर काम करणारा माणूस नकळत फोटो गडद करत जातो. म्हणून फोटो आणि छपाईच्या कामाला ८० ते १२० निट ठेवतात. एसआरजीबीने तर ८० निट आणि मंद उजेडाची खोली हेच गृहीत धरले आहे. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर ‘ब्राइटनेस’ची कळ काळ्याची पातळी ठरवत असे आणि ‘कॉन्ट्रास्ट’ची पांढऱ्याची. एलसीडीवर ब्राइटनेस म्हणजे मागच्या दिव्याचा जोर. नावे तीच राहिली, काम बदलले. त्यामुळे एलसीडीचा कॉन्ट्रास्ट सहसा आहे तिथेच सोडावा.

मधल्या पायऱ्यांचे गणित गॅमा या आकड्यात असते. गॅमा २.२ असेल तर संगणकाकडून आलेल्या निम्म्या संदेशाला (सिग्नलला) पडदा निम्मा नव्हे, सुमारे २२ टक्केच उजेड देतो. हे नुसत्या डोळ्याने तपासण्याची एक जुनी युक्ती आहे: एकाआड एक काळ्या-पांढऱ्या बारीक रेघांच्या चौकटीशेजारी २५५ पैकी १८६ पातळीचा सपाट राखाडी ठेवायचा आणि दुरून पाहायचे. दोन्ही एकजीव दिसले तर गॅमा २.२ च्या जवळ आहे. मात्र पडदा त्याच्या मूळ रिझोल्यूशनवरच हवा. विंडोज आणि मॅकमध्येही नजरेने जुळवण्याची सोय असते. काहीच नसण्यापेक्षा ती बरी.

नेमके काम कलरीमीटरने होते. माउसएवढे हे उपकरण पडद्यावर टेकवले की सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे ठोकळे दाखवते, उपकरण ते मोजते आणि चूक सुधारणारे वक्र ग्राफिक्स कार्डात भरले जातात. यानंतर प्रोफाइल बनते आणि इथे गल्लत होते. कॅलिब्रेशन पडद्याला वळण लावते. प्रोफाइल त्या पडद्याचे वर्णन लिहून ठेवते, जे वाचून फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर रंग जुळवून घेतात. प्रोफाइलची रचना १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी स्थापलेल्या आंतरराष्ट्रीय रंग संघाने, म्हणजे आयसीसीने, ठरवली. दुसऱ्याच्या मॉनिटरची प्रोफाइल उतरवून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणे.

मोजणीआधी पडदा अर्धा तास चालू ठेवावा. नाइट लाइट (रात्री पडदा पिवळट करणारी सोय) आणि आपोआप बदलणारी प्रखरता बंद करावी, खिडकीचे ऊन पडद्यावर येऊ देऊ नये. मागचा दिवा वयानुसार मंदावतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी हे पुन्हा करावे लागते.

जे रंग पडद्याच्या आवाक्यात नाहीत ते कॅलिब्रेशनने येत नाहीत आणि जे शाईच्या आवाक्यात नाहीत तेही नाहीत. पडद्यावरचा झगझगीत केशरी चार शाईंच्या छपाईत निस्तेज उतरतो, त्याला मॉनिटरचा इलाज नाही. शिवाय ८ बिटांच्या पडद्यावर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. दुरुस्ती फार केली की त्यातल्या काही गळतात आणि आकाशासारख्या सलग छटांत पट्टे उमटतात.

क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्या पडद्यांना रंगाशी कर्तव्यच नसते. डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या मानकाच्या चौदाव्या भागात त्यांच्यासाठी ०.०५ ते ४००० निटपर्यंतचा राखाडी छटांचा वक्र दिला आहे. प्रत्येक पुढची पायरी डोळ्याला जेमतेम वेगळी कळेल, अशा बेताने तो आखलेला आहे.