निवडून आलेल्यांना प्रशिक्षणाची अट : चर्चच्या कारभारातील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

चर्चच्या कारभारात निवडून आलेल्या प्रतिनिधींनी वंशभेदविरोधी प्रशिक्षण घेतलेच पाहिजे, अशी अट असावी का, हा वाद मुळात अमेरिका आणि इंग्लंडमधला आहे. तरीही वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांना तो परका नाही. कोकणातील बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या १९७० मध्ये ज्या संयुक्त चर्चमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सामील झाल्या, ते चर्च जागतिक अँग्लिकन परिवाराचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील चर्चच्या परिवाराचे, सदस्य आहे आणि त्या परिवारात एका ठिकाणी झालेला ठराव दुसऱ्या ठिकाणच्या सभेत केव्हा ना केव्हा येऊन पोहोचतो. शिवाय पोर्तुगीज पासपोर्टवर गोव्यातून इंग्लंडला गेलेल्या कुटुंबांची स्विंडनसारख्या शहरांत मोठी वस्ती झाली आहे आणि सिंधुदुर्गातील अनेक घरांचे सोयरे त्यांत आहेत.

या प्रश्नात खरी अडचण ‘निवडून आलेल्या’ या भागात आहे. पाळकाला, धर्मगुरूला किंवा पगारी कर्मचाऱ्याला प्रशिक्षणाची अट घालणे तुलनेने सोपे असते, कारण त्यांची नेमणूक करणारा अधिकारी एक असतो आणि नेमणुकीच्या अटी तोच ठरवतो. निवडून आलेला सभासद मतदारांनी पाठवलेला असतो. तो शिकला नाही म्हणून त्याला सभेत बसू न देण्याचा अधिकार कोणाचा, याचे समाधानकारक उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत कोणत्याही चर्चला सहजासहजी देता आलेले नाही.

कोकण किनाऱ्यावर वंशभेदाचा प्रश्न चर्चच्या कारभारात शिरला तो पोर्तुगीज अमदानीत, आणि पहिल्यापासून तो जातीत गुंतलेला होता. गोव्याच्या १६०६ च्या प्रांतिक धर्मसभेने धर्मगुरुपदाची दीक्षा ब्राह्मण, प्रभू आणि तत्सम उच्च मानल्या गेलेल्या जातींपुरती राखली, परंतु त्या जातींच्या धर्मगुरूंनाही युरोपीय धर्मसंघ आपल्यात सामावून घ्यायला तयार नव्हते. दिवाडी बेटावरील एका ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाला गोव्यात दीक्षा मिळेना म्हणून तो रोमला गेला. १६३७ मध्ये बिशप होऊन परतल्यावर गोव्यातील चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला जुमानले नाही, तेव्हा त्याने आदिलशाही मुलखात, डिचोलीला बस्तान बसवले. लिस्बनच्या दरबाराने १७६१ मध्ये फर्मान काढून बाप्तिस्मा घेतलेल्या आशियाई प्रजेला पोर्तुगालात जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क दिले. ते गोव्यात जाहीर व्हायला १७७४ साल उजाडले. पुढे पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या कांदोळीच्या कटातही वरची पदे गोऱ्यांनाच मिळतात ही स्थानिक धर्मगुरूंची तक्रार एक मुख्य कारण होती. वरून हुकूम सुटावा आणि खाली तो तेरा वर्षे कपाटात पडावा, हा प्रकार या किनाऱ्याने फार आधी पाहिलेला आहे.

जातीची बाजू अधिक चिवट ठरली. चर्चमधील सणांचा मान, मिरवणुकीतील जागा आणि निधीचा हिशेब ज्या कोंफ्रारींच्या (धार्मिक बंधुसंघांच्या) हाती असे, त्यांचे सभासदत्व गावकीच्या जातिक्रमानुसार ठरत असे. दक्षिण गोव्यातील काही गावांत मिरवणुकीच्या वेळी वरच्या कोंफ्रारीच्या खांद्यावर तांबडी खोळ आणि खालच्या मानल्या गेलेल्या कोंफ्रारीच्या खांद्यावर निळी खोळ असे, त्यामुळे कोण कुठला हे विचारण्याची गरजच पडत नसे. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी हे भेद धर्मांतरानंतरही लग्नसंबंधांत टिकून राहिले.

प्रोटेस्टंट बाजूला रत्नागिरी आणि वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची ठाणी होती. मिशनचा पैसा आणि मिशनचे निर्णय दीर्घकाळ मिशनऱ्यांच्याच सभेत होत आणि देशी पाळकाचा आवाज तिथे फारसा पोहोचत नसे. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या, पुढे अहमदनगरकडे गेलेल्या एका मराठी ख्रिस्ती कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यामागे भक्तीची ओढ होती तशीच गोऱ्या व्यवस्थेखाली आणखी न राहण्याची इच्छाही होती. ही दुसरी बाजू आपल्याकडील गौरवलेखांत बहुधा वगळली जाते.

निवडून आलेल्या प्रतिनिधींचा कारभार हा त्या मानाने अलीकडचा आहे. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने चर्चला स्वतःची प्रतिनिधिसभा मिळाली, १९२१ पासून पॅरिशच्या (धर्मग्रामाच्या) निवडून आलेल्या समित्यांना कायद्याने अधिकार मिळाले आणि १९७० मध्ये आजची महासभा अस्तित्वात आली. योगायोगाने त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा चर्चनी एकत्र येऊन उत्तर भारतासाठी संयुक्त चर्च स्थापन केले. त्यात मंडळीची समिती, डायोसिसची (बिशपच्या अखत्यारीतील विभागाची) परिषद आणि सिनड (चर्चची सर्वोच्च सभा) अशी निवडणुकीची उतरंड आली. कॅथलिक चर्चमध्ये १९८३ च्या धर्मसंहितेनुसार पॅरिशची पाळकीय परिषद केवळ सल्लागार असते. निवडणुका तिथेही होतात, पण अंतिम निर्णय धर्मगुरूचा असतो. प्रशिक्षणाच्या सक्तीचा विचार करताना हा फरक नजरेआड करून चालत नाही.

इंग्लंडमधील घडामोडींची सुरुवात साधारणतः १९४८ पासून सांगितली जाते. त्या वर्षी जून महिन्यात कॅरिबियन बेटांवरील शेकडो प्रवासी टिलबरी बंदरात उतरले. त्यांत अँग्लिकन कुटुंबांतले बरेच जण होते आणि आपल्याच चर्चच्या दारात त्यांच्यापैकी अनेकांना मिळालेली थंड वागणूक पुढे त्यांच्या मुलानातवंडांनी सांगितली आहे. १९८५ मध्ये शहरांतील दारिद्र्यावर आलेल्या एका गाजलेल्या अहवालानंतर चर्चने कृष्णवर्णीय सभासदांच्या प्रश्नांसाठी समिती नेमली. महासभेत कृष्णवर्णीयांना काही किमान जागा हमखास मिळाव्यात असा प्रस्ताव त्या दशकाच्या अखेरीस आला, परंतु तो फेटाळला गेला. प्रतिनिधित्वाची वाट अशी बंद झाल्यावर प्रशिक्षणाची वाट धरली गेली, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जागा द्यायच्या तर कोणाच्या तरी जागा जातात. शिकवणी दिल्याने कोणाची खुर्ची जात नाही. १९९३ मध्ये लंडनमध्ये बसथांब्यावर एका कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. त्या तपासावरील १९९९ च्या चौकशी अहवालाने ‘संस्थात्मक वंशभेद’ हे शब्द सरकारी भाषेत रुळवले, आणि चर्चलाही ते स्वतःला लावून पाहावे लागले.

अमेरिकेत मात्र सक्तीचा निर्णय थेट घेतला गेला, आणि या सगळ्या इतिहासात सर्वाधिक वादाचा निर्णय तोच आहे. तिथल्या अँग्लिकन परंपरेच्या चर्चचे सर्वसाधारण अधिवेशन दर तीन वर्षांनी भरते. १९९१ चे अधिवेशन ॲरिझोना राज्यात भरले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी त्या वेळी त्या राज्याने मान्य केलेली नव्हती, त्यामुळे तिथे जावे की नाही यावरून आधीच रण माजले होते. अधिवेशन झाले, आणि चर्चने आपल्याच प्रतिनिधींच्या वंशविषयक अनुभवांची पाहणी तिथे करून घेतली. १९९४ मध्ये बिशपांनी वंशभेदाला पाप ठरवणारे पत्रक काढले. त्यानंतर जुलै २००० मध्ये डेन्व्हर येथील अधिवेशनाने ठराव केला, की १ जानेवारी २००१ पासून सर्व दीक्षित सेवक, पगारी कर्मचारी आणि चर्चच्या समित्या, आयोग व मंडळे यांवर निवडून आलेले वा नेमलेले पुढारी यांना वंशभेदविरोधी प्रशिक्षण आवश्यक राहील आणि त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागेल.

ठरावाची भाषा ठाम होती, पण अंमलबजावणीची सूत्रे खाली सोडून दिलेली होती. प्रशिक्षक प्रमाणित करण्याचे काम प्रांतांकडेही (अनेक डायोसिसांच्या गटांकडेही) दिले होते. स्थानिक पातळीवरचे आणखी कोणते पुढारी सक्तीच्या कक्षेत घ्यायचे, हे ज्या त्या डायोसिसने ठरवायचे होते. परिणामी एका डायोसिसमध्ये चर्चच्या समितीचा साधा सभासदही दोन दिवस वर्गात बसला, तर दुसरीकडे बिशपच्या कार्यालयाबाहेर कोणाला तो ठराव फारसा ठाऊकही नव्हता. प्रमाणपत्र नसलेल्या सभासदाचे काय करायचे, हे ठरावात कुठेच नव्हते. त्याचे मत ग्राह्य की अग्राह्य, त्याला समितीवरून काढायचे का, काढायचे तर कोणी, यांपैकी एकाही प्रश्नाला हात घातलेला नव्हता. पुढील अधिवेशनांना हाच विषय पुन्हा पुन्हा घ्यावा लागला, यावरूनच काय ते समजते.

याउलट दीक्षेच्या उमेदवारांसाठी हीच अट चर्चच्या नियमसंहितेत घातली गेली. लैंगिक गैरवर्तन प्रतिबंधाच्या प्रशिक्षणाबरोबर वंशभेदाविषयी चर्चची शिकवण घेतल्याशिवाय दीक्षा नाही, असा तिथे नियम आहे. म्हणजे एकाच चर्चमध्ये पाळकासाठी तो नियम झाला आणि निवडून आलेल्या सभासदासाठी ठराव राहिला. नियम मोडला तर दीक्षा अडते. ठराव मोडला तर कोणाचेच काही अडत नाही. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा होता, की मतदारांचा कौल मिळालेल्याला आणखी एका परीक्षेला बसवणे म्हणजे मतदारांवर अविश्वास दाखवणे. समर्थकांचे म्हणणे असे, की निवडून आलेला सभासद पाळकाची निवड, मालमत्ता आणि निधी यांवर मत देतो, म्हणून त्याची जबाबदारी पाळकापेक्षा कमी नाही. या दोन बाजूंत समर्थकांची बाजू अधिक सबळ दिसते. मात्र सबळ बाजूनेही शिक्षेचे कलम लिहिण्याचे धाडस केले नाही, हे नोंदवणे भाग आहे.

लहान मुले व दुर्बल व्यक्ती यांच्या सुरक्षेच्या बाबतीत तेच इंग्लिश चर्च वेगळे वागले. २०१६ च्या कायद्याने सुरक्षाविषयक मार्गदर्शनाची योग्य दखल घेणे बंधनकारक झाले आणि अशा व्यक्तींसोबत काम करण्यास मनाई झालेला माणूस पॅरिश समितीसाठी अपात्र ठरला. निवडून आलेल्या सभासदांचे सुरक्षा-प्रशिक्षण त्यानंतर बहुतेक ठिकाणी अंगवळणी पडले. अट घालता येत नाही, हा युक्तिवाद तिथे टिकला नाही, कारण मागे देशाचा कायदा, विमा आणि न्यायालयीन भरपाईची भीती उभी होती. वंशभेदाच्या बाबतीत ती भीती नव्हती.

फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लिश महासभेने वंशभेदाबद्दल एकमताने माफी मागितली. त्यानंतर नेमलेल्या कृतिगटाने २२ एप्रिल २०२१ रोजी ४७ शिफारशींचा अहवाल दिला. त्याआधीच्या साडेतीन दशकांत याच विषयावर सुमारे २५ अहवाल आणि १६० हून अधिक शिफारशी झाल्या होत्या, हे त्याच अहवालाने नोंदवले. त्यात प्रशिक्षणाच्या सक्तीबरोबरच महासभेवर वांशिक अल्पसंख्याक समाजातील १० सभासद स्वीकृत करून घेण्याची सूचना होती, म्हणजे ऐंशीच्या दशकात बंद झालेले दार पुन्हा ठोठावले गेले. परंतु डिसेंबर २०२० मध्येच ब्रिटिश सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठीचे नकळत पूर्वग्रहाचे प्रशिक्षण, त्याने वर्तन बदलल्याचा पुरावा नाही असे सांगून, गुंडाळले होते. चर्चमधील विरोधकांना त्यामुळे आयता मुद्दा मिळाला. तो मुद्दा पूर्णपणे पोकळ नाही. एका दुपारच्या वर्गाने कोणाचा स्वभाव बदलत नाही. पण सुरक्षा-प्रशिक्षणाला हीच कसोटी कोणी लावली नव्हती.

कोकणाच्या दृष्टीने यात आणखी एक पेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००१ च्या वंशभेदविरोधी डर्बन परिषदेत जातीचा समावेश वंशभेदात करण्यास भारत सरकारने विरोध केला. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये संसदेने जातीला समानता कायद्यात स्पष्टपणे आणण्याचे बंधन सरकारवर घातले आणि २०१८ मध्ये सरकारने ते पाळणार नाही असे जाहीर केले. त्यामुळे तिकडे तयार झालेल्या प्रशिक्षणाच्या साहित्यात त्वचेचा रंग आणि वसाहतवाद यांवर भर असतो आणि जात बहुधा बाजूला राहते. ते जसेच्या तसे मराठीत आणले तर वसईच्या किंवा सावंतवाडीच्या सभासदाला ते गोऱ्यांच्या देशातले दुखणे वाटेल आणि तो वर्गात निवांत बसेल. भारतातील कॅथलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे हे उघडपणे मान्य केले. शिवाय १९५० च्या राष्ट्रपती-आदेशानुसार दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींत मोडत नाहीत, त्यामुळे चर्चमधील भेदभावाबद्दल त्यांना दाद मागायची तर ती मुख्यतः चर्चकडेच मागावी लागते.

धोरणातून सक्तीपर्यंत जाण्याचे मार्ग दोन्ही चर्चमध्ये वेगळे आहेत. कॅथलिक धर्मग्रामात परिषद सल्लागार असल्यामुळे वसई किंवा सिंधुदुर्गच्या बिशपांना तिच्या नियमावलीत प्रशिक्षणाची अट स्वतःच्या अधिकारात घालता येते, मतदानाची गरज पडत नाही. अर्थात अशा सभासदाच्या हाती निर्णयही फारसे नसतात. संयुक्त चर्चच्या मंडळीत मात्र समितीचे सभासद खरोखरच कारभार पाहतात, आणि तिथे अपात्रतेचे नवे कलम आणायचे तर ते सिनडमध्ये, म्हणजे ज्यांना ती अट लागू होणार त्याच निवडून आलेल्या प्रतिनिधींकडून, संमत करून घ्यावे लागेल.