बंदुकीचा काळा-निळा रंग म्हणजे गंजच की!

जुन्या बंदुकीच्या नळीवर जो काळपट निळा थर दिसतो ना, तो पेंट नाहीये आणि प्लेटिंगपण नाही. तो चक्क गंज आहे, फक्त वेगळ्या जातीचा.

नेहमीचा लाल गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, म्हणून फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, मग त्या फटींतून ओलावा परत आत शिरतो आणि खालचं लोखंड खात बसतो. काळा गंज म्हणजे मॅग्नेटाइट, यात लोखंडाच्या दर ३ अणूंमागे ऑक्सिजनचे ४. हा धातूला घट्ट चिकटतो, आणि बारीक छिद्रं असल्यामुळे तेल धरून ठेवतो. खरं राखण करतं ते तेलच, कोरडं ब्लूइंग (म्हणजे हाच काळा-निळा थर) फार काही वाचवत नाही.

भारी गोष्ट ही की लालचा काळा करायला नुसतं उकळतं पाणी पुरतं. रस्ट ब्लूइंगमध्ये तेच करतात: आधी नळीवरचा तेलाचा अंश न अंश काढायचा (बोटाचा ठसासुद्धा नडतो), सौम्य आम्लाचं द्रावण पुसटसं लावायचं, दमट पेटीत ठेवून मुद्दाम बारीक लाल गंज आणायचा आणि मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायचं. उकळताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो, आणि कमी ऑक्सिजनमध्ये लाल गंजाचं मॅग्नेटाइट होतं. वरची काळी भुकटी तेल नसलेल्या स्टील वूलने झाडायची, की परत पहिल्यापासून. असे बरेच हात द्यावे लागतात तेव्हा कुठे रंग भरतो.

कारखान्यात एवढा वेळ कोणाला असतो, तिथे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंश सेल्सियसच्या द्रावणात भाग बुडवले की काम होतं. पण जुन्या दुनळी बंदुकीच्या नळ्या बऱ्याचदा कथील-शिशाच्या सोल्डरने जोडलेल्या असतात आणि गरम कॉस्टिक ते सोल्डर खातं, त्यामुळे तिथे रस्ट ब्लूइंगच बरं. बाटलीतलं, गरम न करता लावायचं कोल्ड ब्लू बहुतेक वेळा सेलेनियम आणि तांब्याच्या क्षारांचं असतं, त्यात मॅग्नेटाइट बनतच नाही, म्हणून ते लवकर झिजतं. शिवाय सेलेनियम विषारी, हातमोजे हवेतच.

दस्त्याचं लाकूड दबलं असेल तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवायची, वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटले असतील तर मात्र नाही. वरून जवसाचं तेल. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना उष्णता सोडतं, त्यामुळे तेलाची फडकी गोळा करून फेकली तर आपोआप पेटू शकतात!

आता माझं मत. बंदूक खरंच जुनी असेल तर पॉलिशच्या चाकाजवळ नेऊच नका, कडा गोल होतात, शिक्के पुसट होतात, ते परत येत नाहीत. आधी ती रिकामी आहे ना बघा, सुटे भाग करा आणि गंजलेली नळी काहीही न लावता नुसती पाण्यात उकळा. लाल डाग काळे पडतात, मग हलक्या हाताने झाडता येतात आणि शेजारचं मूळ ब्लूइंग बहुतेक जसंच्या तसं राहतं.