अडलेली शिफारस : न्यायाधीशांच्या नेमणुका आणि सत्ताधाऱ्यांचा हात

सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांत राजकारण किती, हा विषय इंदुरातल्या वकील मंडळींत निघाला की लगेच दोन गट पडतात. एक इंदिरा गांधींच्या काळाकडे बोट दाखवतो, दुसरा गेल्या दहा-बारा वर्षांकडे. दोघांनाही आपापले म्हणणे पुराव्यानिशी मांडता येते. मात्र दोन्ही काळांतली हस्तक्षेपाची रीत वेगळी आहे. तेव्हा सरकार ज्येष्ठता उघडपणे डावलत असे. आता बहुतेक वेळा फाइल ठेवून घेतली जाते आणि दिवस जाऊ दिले जातात. या टिपणाचा भर दुसऱ्या रीतीवर आहे, कारण तिचा सर्वांत ठळक नमुना आपल्याच राज्याच्या, म्हणजे मध्य प्रदेशाच्या, उच्च न्यायालयाच्या वाट्याला आला.

घटना समितीत २४ मे १९४९ रोजी न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या तरतुदीवर चर्चा झाली. नेमणुकीला सरन्यायाधीशांची संमती लागावी, अशी एक दुरुस्ती पुढे आली होती. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. सरन्यायाधीश झाले तरी तेही माणूसच, त्यांनाही आवडीनिवडी आणि पूर्वग्रह असणार. जो अधिकार आपण राष्ट्रपतींच्या किंवा सरकारच्या एकट्याच्या हाती द्यायला तयार नाही, तो त्यांच्या हाती कसा द्यायचा, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून १२४ व्या कलमात सल्लामसलतीचा मधला मार्ग आला. आजारपणामुळे झालेला एक अपवाद वगळता पहिली वीस-बावीस वर्षे सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशच सरन्यायाधीश होत गेले.

हा शिरस्ता १९७३ मध्ये मोडला. संसदेला घटना कितपत बदलता येते, या प्रश्नावरच्या केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिलला सात विरुद्ध सहा असा लागला आणि दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना मागे टाकून चौथ्याची सरन्यायाधीशपदी निवड जाहीर झाली. वगळलेले तिघेही सरकारला न रुचलेल्या बहुमतातले होते. तिघांनीही राजीनामे दिले. न्यायाधीशाची विचारसरणी पाहणे हा सरकारचा हक्कच आहे, असे एका केंद्रीय मंत्र्यांनी संसदेत ठणकावून सांगितले. पुढचा घाव आणीबाणीत बसला. विनाखटला स्थानबद्ध केलेल्यांचे सुटकेचे अर्ज ऐकून घेता येतात असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते, त्यांत मध्य प्रदेशही होते; सर्वोच्च न्यायालयातला तो निकाल आजही जबलपूरच्या नावानेच ओळखला जातो. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी नऊही न्यायालयांची भूमिका खोडून काढली गेली. विरोधात एकटे हंसराज खन्ना उभे राहिले, आणि जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांच्या हातून काढून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशांना दिले गेले.

बहुमतातल्या त्या चौघांत आपल्या मराठी वाचकांना ठाऊक असलेले यशवंत चंद्रचूडही होते. १९७८ मध्ये ज्येष्ठतेने त्यांची पाळी आली तेव्हा जनता सरकारने त्यांनाच सरन्यायाधीश केले. ज्यांचे नेते त्या निकालामुळे तुरुंगातच राहिले होते, त्यांच्याच सरकारने हे केले. सूड घेण्याची पूर्ण संधी असताना नियम पाळला गेला. या साऱ्या इतिहासात मला सर्वाधिक आदर वाटतो तो याच निर्णयाचा.

उलटी उदाहरणेही आहेत. काँग्रेसकडून मिळालेले राज्यसभेचे सदस्यत्व सोडून उच्च न्यायालयात गेलेले एक न्यायमूर्ती निवृत्तीनंतर, डिसेंबर १९८० मध्ये, थेट सर्वोच्च न्यायालयात नेमले गेले, आणि १९८३ मध्ये राजीनामा देऊन पुन्हा त्याच पक्षाकडून राज्यसभेत गेले. ही वाट बुजलेली नाही. आपल्या इंदूर खंडपीठावर बसलेले एक न्यायमूर्ती एप्रिल २०२४ मध्ये निवृत्त झाले आणि जुलैमध्ये त्यांनी सत्ताधारी पक्षात प्रवेश केला. कायद्याने त्याला मनाई नाही. असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे तीन निकाल वाचकांच्या परिचयाचे आहेत, म्हणून थोडक्यात. १९८१ मध्ये न्यायालयाने सरकारचा शब्द अंतिम मानला. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवले आणि न्यायवृंदाची (कॉलेजियमची) पद्धत आली, म्हणजे नावे सुचवण्याचे काम सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाकडे गेले. १९९८ मध्ये न्यायवृंद तिघांवरून पाच जणांचा झाला. १९९३ चा बहुमताचा निकाल लिहिणारे जे. एस. वर्मा सतन्याचे, आपल्याच उच्च न्यायालयातून वर गेलेले. आपल्या निकालाचा चुकीचा अर्थ लावून त्याचा गैरवापर झाला, असे पुढे त्यांनीच बोलून दाखवले.

न्यायवृंदाचा बंद दरवाजा खुपत होताच. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायिक नियुक्ती आयोगाचे विधेयक आणि त्यासाठीची घटनादुरुस्ती संसदेने मंजूर केली. तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी इंदूरच्या ताई, सुमित्रा महाजन होत्या. सहा जणांचा आयोग : सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर. यांपैकी कोणत्याही दोघांनी विरोध केला की नाव बाद. हीच तरतूद मुख्यत्वे नडली. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आयोग रद्द केला. न्यायवृंदात दोष आहेत हे मान्य करून, नेमणुकीची कार्यपद्धती सुधारून घ्यावी असेही न्यायालयाने म्हटले. त्या सुधारित कार्यपद्धतीवरून सरकार आणि न्यायालय यांच्यात जो पत्रव्यवहार सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालूच राहिला. सरकारने फाइल किती दिवसांत हातावेगळी करायची, याची पक्की मर्यादा नसल्याने पुढचे सगळे घडू शकले.

१० मे २०१९ रोजी न्यायवृंदाने चार उच्च न्यायालयांसाठी मुख्य न्यायमूर्तींची नावे पाठवली. त्यांत मध्य प्रदेशासाठी मूळ गुजरात उच्च न्यायालयातल्या एका ज्येष्ठ न्यायमूर्तींचे नाव होते. याच न्यायमूर्तींनी २०१० मध्ये गुजरातच्या एका माजी मंत्र्यांना चकमक प्रकरणात सीबीआय कोठडीत पाठवले होते, आणि ते माजी मंत्री २०१९ मध्ये केंद्रात फार मोठ्या पदावर पोहोचले होते. त्याआधी, २०१८ मध्ये, गुजरातचे मुख्य न्यायमूर्तीपद रिकामे होण्याच्या सुमारास तिथल्या या सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तींची बदली मुंबईला झाली होती.

बरोबरची तीन नावे मंजूर झाली. मध्य प्रदेशाचे नाव तेवढे अडले. जूनच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने इथल्याच ज्येष्ठ न्यायमूर्तींना हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणून नेमले. गुजरातमधील वकिलांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑगस्टअखेर केंद्रीय कायदा मंत्रालयाकडून दोन पत्रे आली, आणि ५ सप्टेंबरला न्यायवृंदाने आपलीच शिफारस बदलून त्या न्यायमूर्तींना त्रिपुराला पाठवायचे ठरवले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाची मंजूर पदे त्या वेळी ५३, त्रिपुराची चार. पत्रांत काय होते ते जाहीर झाले नाही. ठरावात त्यांचा नुसता उल्लेख आहे.

इथे कुणी म्हणेल, सरकारला आक्षेप घेण्याचा हक्क आहे. आहेच. पण आक्षेप लेखी आणि उघड असेल तरच तो तपासता येतो. न्यायवृंदाला तीच शिफारस पुन्हा पाठवता आली असती, आणि १९९३ च्या निकालाप्रमाणे ती सरकारवर बंधनकारक ठरली असती. तसे न करता राज्य बदलून दिले गेले. म्हणजे दोष एकट्या सरकारवर टाकून भागत नाही, आणि हे मला अधिक क्लेशकारक वाटते. मुख्य न्यायमूर्ती जबलपुरात बसत असले तरी इंदूर आणि ग्वाल्हेरच्या खंडपीठांवर कोणी बसायचे, कोणत्या प्रकारची प्रकरणे कोणापुढे लागायची, हे तेच ठरवतात. उच्च न्यायालयातल्या नव्या नेमणुकांची नावेही त्यांच्याकडूनच निघतात. १० जूनपासून नोव्हेंबरपर्यंत ती खुर्ची कायम मुख्य न्यायमूर्तींविना राहिली, त्याची झळ आपल्या एम. जी. रोडवरच्या इमारतीलाही लागणारच.

याचा सर्वोच्च न्यायालयाशी संबंध काय, तर सरळ आहे. सप्टेंबर २०१९ नंतर जवळजवळ दोन वर्षे तिथे एकही नेमणूक झाली नाही. ज्येष्ठ मुख्य न्यायमूर्तींना, त्यांत त्रिपुराला गेलेलेही आले, डावलून पुढे जायला न्यायवृंदातले एक सदस्य तयार नव्हते, अशा बातम्या त्या काळात सतत येत होत्या. ते सदस्य ऑगस्ट २०२१ मध्ये निवृत्त झाले, लगोलग नऊ नावे गेली आणि ३१ ऑगस्टला नऊ जणांनी एकदम शपथ घेतली. त्यांत ठाण्याचे अभय ओक होते, त्रिपुराला गेलेले न्यायमूर्ती नव्हते. ते मार्च २०२२ मध्ये राजस्थानातून निवृत्त झाले. आपल्या निकालांमुळे सरकारचे मत प्रतिकूल झाले असेल तर ते आपण स्वातंत्र्याचे प्रशस्तिपत्रक मानतो, अशा आशयाचे ते निरोपाच्या भाषणात बोलले.

विलंबाने ज्येष्ठताही हलते. उत्तराखंडातली राष्ट्रपती राजवट २०१६ मध्ये रद्द करणाऱ्या मुख्य न्यायमूर्तींचे नाव जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी गेले. बरोबरचे नाव मंजूर झाले, हे परत आले. दुसऱ्यांदा पाठवल्यावर ऑगस्टमध्ये शपथविधी झाला, पण यादीत त्यांच्याआधी आणखी दोघे लागले. न्यायवृंदात कोण येणार आणि सरन्यायाधीश कोण होणार हे त्याच क्रमावर ठरते.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आदेशात मुदती घालून दिल्या : शिफारस दुसऱ्यांदा आली की तीन-चार आठवड्यांत नेमणूक व्हावी. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला, सरकार नावे निवडून निवडून मंजूर करते, अशी नाराजी व्यक्त करावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका न्यायमूर्तींची ठरलेली बदली छत्तीसगडऐवजी अलाहाबादला करण्यात आली. सरकारने फेरविचार करण्यास सांगितले म्हणून हा बदल, असे न्यायवृंदाने या वेळी आपल्या निवेदनातच लिहिले. फेरविचार कशासाठी, ते लिहिले नाही.