झोपाळू माणसाची तुटकी रात्र

नार्कोलेप्सी म्हटलं की बोलता बोलता डुलकी लागणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. शिक्षक त्याला आळशी ठरवतात, वरिष्ठ कामचुकार म्हणतात आणि घरचे बजावतात, 'रात्री लवकर झोपत जा.' पण चोवीस तासांची बेरीज केली, तर टाइप 1 नार्कोलेप्सीचे, म्हणजे हसताना स्नायूही ढिले पडतात त्या प्रकाराचे, बहुतेक रुग्ण इतरांपेक्षा फारसे जास्त झोपत नाहीत. दिवसा त्यांना जाग टिकवता येत नाही आणि रात्री झोप. यातलं दुसरं दुखणं सहसा कुणी विचारातच घेत नाही.

हा आजार साधारण 2,000 माणसांत एकाला होतो. 1880 मध्ये जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, पण कारण सापडायला शंभरहून अधिक वर्षं गेली. 1998 मध्ये दोन गटांनी मेंदूतलं एकच रसायन स्वतंत्रपणे शोधलं. एकांनी त्याला ऑरेक्सिन म्हटलं, दुसऱ्यांनी हायपोक्रेटिन. दोन्ही नावं अजून चालतात. दोनच वर्षांनी, रुग्णांच्या मेंदूंच्या मरणोत्तर तपासणीत हे रसायन बनवणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागातल्या या पेशी मुळातच थोड्या, पन्नास ते ऐंशी हजारांच्या घरातल्या. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असा बहुतेक संशोधकांचा कयास आहे.

ऑरेक्सिन नसलं की जाग आणि झोप यांमधलं दार कडी निखळल्यासारखं दोन्हीकडे हलत राहतं. एरवी झोप लागल्यावर स्वप्नांची, म्हणजे आरईएम झोप यायला तास-दीड तास जातो. इथे ती 15 मिनिटांच्या आतही येते. या झोपेत मेंदू स्नायू ढिले करून ठेवतो, म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण अंथरुणातच राहतो. तीच ढिलाई जागेपणी घुसली की कॅटाप्लेक्सी होते. विनोदावर खळखळून हसताना हनुवटी लोंबते, जीभ जड होते, गुडघे दुमडतात. शुद्ध मात्र पूर्ण असते, आजूबाजूचं बोलणंही ऐकू येत असतं. याला फिट समजून भलतेच उपचार सुरू होतात, तेही काही विरळा नाही.

आणि रात्र? डोळा झटकन लागतो, पण पुढे वारंवार जाग येते आणि हलकी झोप वाढते. कधी जाग येऊनही बोट हलत नाही, आणि खोलीत कुणी उभं असल्याचा भास होतो. स्वप्नं इतकी ठसठशीत, की अमुक बोलणं खरंच झालं होतं का, हे काहींना सकाळी विचारून घ्यावं लागतं.

दिवसा जागं ठेवायला मोडाफिनिलसारखी औषधं आहेत. रात्रीची झोप सलग करणारं सोडियम ऑक्सिबेट दिवसाची पेंगही कमी करतं, ही मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. त्याचा असर लवकर ओसरतो, त्यामुळे नेहमीच्या प्रकारात एक मात्रा झोपताना आणि दुसरी अडीच ते चार तासांनी, बहुधा गजर लावून उठून घ्यावी लागते. रात्रीतून एकदाच घ्यायच्या प्रकाराला अमेरिकेत 2023 मध्ये मंजुरी मिळाली.