थर्माकोल ऊन अडवतो, आवाज नाही
"भिंतीला थर्माकोल लावा, ऊनही येत नाही अन् डीजेही ऐकू येत नाही," असं आमच्या ब्रह्मपुरीकडच्या खेड्यांत मिस्त्रीसुद्धा छातीठोक सांगतात. हे अर्धंच खरं आहे. 45 अंशांच्या उन्हात थर्माकोल कामाचाच. त्यात कोंडलेली हवा उष्णता अडवते. आवाज अडवायला मात्र वजन लागतं. थर्माकोल घनमीटरला जेमतेम 15-20 किलो, विटांची भिंत 1,800च्या आसपास! उलट कडक थर्माकोल चिकटवून वर पातळ गिलावा केला, की तो स्प्रिंगवर ठेवल्यासारखा थरथरतो आणि काही पट्टीतला आवाज आधीपेक्षा जास्तच आत येतो. त्याऐवजी रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) वापरा, वरचा गिलावा जाड घ्या. पण त्याआधी दाराखालची बोटभर फट बुजवा. पिठाच्या गिरणीची घरघर तिथूनच घुसते.