ऑगस्टीन मनोरा

ऑगस्टीन मनोरा : जुने गोवे येथील पवित्र टेकडीवर उभा असलेला, 'नोसा सेन्योरा द ग्रासा' या चर्चचा भग्न घंटामनोरा. बांधणी जांभ्याची, उंची सुमारे ४६ मी.; मूळच्या चार मनोऱ्यांपैकी एवढाच उरला आहे.

ऑगस्टीनियन, म्हणजे संत ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या ख्रिस्ती संघाचे, संन्यासी १५७२ मध्ये गोव्यात आले. चर्च १६०२ च्या सुमारास पुरे झाले असे सामान्यतः मानतात. ते ओस का पडले याविषयी दोन मते आढळतात. साथीच्या रोगांचे कारण शहराच्या उजाड होण्याला लागू पडते. चर्चच्या बाबतीत मात्र १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले, हे कारण अधिक सबळ दिसते. जांभा सच्छिद्र असतो. चुन्याचा गिलावा वरचेवर झाला नाही, की पावसाळ्याचे पाणी दगडात मुरते. संन्यासी गेल्यावर गिलावा करणारे कोणी उरले नाही. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला. घंटा त्याआधीच, १८७१ मध्ये, पणजीच्या चर्चमध्ये गेली होती. ती तेथे आजही आहे.

या वास्तूच्या चित्रमयतेविषयी लिहिताना हा कालक्रम सहसा विसरला जातो. आकाशात घुसलेल्या सुळक्यासारखी आजची आकृती १९३१ नंतरची, म्हणजे छायाचित्रणकलेहून वयाने लहान आहे. त्याआधीच्या छायाचित्रांत दर्शनी भिंत उभी दिसते. कवितेचे नेमके उलट आहे. पोर्तुगीज कवी बोकाझ १७८६ मध्ये गोव्यात आला. त्याने सुनीतांतून गोव्याच्या उतरत्या कळेवर शोक व उपहास केला, तेव्हा हे चर्च धडधाकट होते. पडझडीची कविता पडझडीआधीच लिहून झाली होती.

जवळच्या बॉम जेझू बॅसिलिकेचा छायाचित्रकारांना प्रिय असलेला तांबूस रंगही जुना नव्हे. तिचा गिलावा १९५० च्या दशकात उतरवण्यात आला. तो पुन्हा चढवावा की नाही, हा वाद अद्याप चालू आहे.

मनोऱ्याच्या पायथ्याशी कोरीव थडगी व चकाकत्या रंगीत फरशांचे तुकडे दिसतात. भर पावसात जांभा काळपट पडतो आणि त्याच्या भोकाभोकांतून शेवाळ उगवते. रिकाम्या कमानींतून ढग सरकताना दिसतात. छायाचित्रे बहुतेक खालून वर रोखून घेतलेली असतात, त्यामुळे या फरशा त्यांत क्वचितच येतात.